पावसाळा एक, ग्रँट अठरा महिन्यांची: बायोटेक स्टार्टअपबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात विद्यापीठांच्या इन्क्युबेटरबद्दल लिहिलं होतं, म्हणजे नव्या बायोटेक कंपन्यांना लॅब, मशिनी, सल्ला आणि सुरुवातीचा पैसा मिळवून देणारी जी व्यवस्था असते तिच्याबद्दल. त्यावर इतके मेसेज आले की प्रत्येकाला वेगळं उत्तर देणं जमलं नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र करून सहा घेतलेत, नावं सगळ्यांची काढलीत. मी स्वतः आठ वर्षं एका इन्क्युबेटरच्या लॅबमध्ये दोन माणसांची कंपनी चालवली, त्यामुळे खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं हातानं केलेलं आहे.

प्रश्न: ताई नमस्कार, मी नागपुरातच मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. केलं. डेझर्टेशनसाठी कळमेश्वरच्या एका संत्राबागेतल्या मातीतून ट्रायकोडर्मा नावाची बुरशी वेगळी केली होती, लॅबमधल्या प्लेटवर ती झाडांना रोग लावणाऱ्या फायटोफ्थोराला मस्त दाबते. सर म्हणतात इन्क्युबेटरमध्ये अप्लाय कर. पण माझ्याकडे कंपनी नाही, पैसे नाहीत, घरचे म्हणतात आधी नोकरी बघ. आधी कंपनी रजिस्टर करावी लागते का? आणि ही बुरशी माझी की युनिव्हर्सिटीची?

उत्तर: कंपनी आत्ता काढू नकोस. एकदा प्रायव्हेट लिमिटेड काढली की धंदा एक रुपयाचा असो नाहीतर शून्य, दरवर्षी ऑडिट आणि रिटर्न भरावेच लागतात, आणि तुझ्याकडे आत्ता विकायला काही नाही, एक चांगली प्लेट आहे. बहुतेक इन्क्युबेटर प्री-इन्क्युबेशन म्हणून कंपनी नसलेल्यांनाही घेतात. केंद्र सरकारच्या बायोटेक्नॉलॉजी विभागानं २०१२ साली बायरॅक नावाची संस्था काढली, तिची बिग नावाची ग्रँट आहे, १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत, तिच्यासाठी व्यक्ती म्हणूनही अर्ज जातो. ही ग्रँट म्हणजे कर्ज नाही आणि कंपनीतला हिस्साही ते मागत नाहीत, म्हणून तिच्यासाठी देशभरातून रांग लागते. पुण्यातलं व्हेंचर सेंटर या ग्रँटच्या पार्टनर संस्थांपैकी एक आहे, तिकडूनही अर्ज टाकता येतो.

पण अर्जाआधी तुला एक हिशोब करायला सांगते, कारण हा हिशोब मला कोणी सांगितला नव्हता आणि माझं एक अख्खं वर्ष त्यात गेलं. फायटोफ्थोरा, म्हणजे आपल्या शेतकऱ्यांचा डिंक्या आणि मूळकूज, जोर धरतो पावसाळ्यात, काळ्या जमिनीत पाणी साचलं की. तुझी बुरशी खरंच काम करते का हे बघायचं तर जूनमध्ये आणि पुन्हा सप्टेंबरच्या आसपास झाडाच्या बुंध्याशी टाकून बघावं लागणार. आता समज तुझी ग्रँट मंजूर होऊन पहिला हप्ता ऑगस्टमध्ये आला, तर तो पावसाळा गेलाच ना, कारण अजून बुरशी वाढवायचा शेकर यायचाय, फर्मेंटरचं कोटेशन यायचंय, मदतीला पोरगं ठेवायचंय. मग पुढचा जून ते सप्टेंबर हा एकच पावसाळा तुझ्या हातात, आणि फेब्रुवारीत १८ महिने संपले. म्हणजे ५० लाखांची ग्रँट आणि पावसाळा एक, आणि त्या वर्षी पाऊसच कमी पडला तर डिंक्याच नाही आणि डेटाही नाही! सॉफ्टवेअरवाल्यांना हे समजत नाही, त्यांचं तीन महिन्यांत दुसरं व्हर्जन निघतं, आपलं झाड वर्षातून एकदा किंवा फार तर दोनदा उत्तर देतं.

म्हणून येत्या पावसाळ्यातच, ग्रँट असो-नसो, वीस-तीस झाडांवर छोटी ट्रायल लाव. नागपुरात अमरावती रोडवर सेंट्रल सिट्रस रिसर्च इन्स्टिट्यूट आहे, संत्र्याच्या झाडावर ट्रायल कशी मांडायची हे त्यांच्यापेक्षा जास्त कोणाला माहीत असणार, जा आणि आराखडा दाखव. मी माझ्या पहिल्या ट्रायलमध्ये झाडांना रिबिनी बांधल्या होत्या, लाल रिबिनीवाल्याला औषध टाकायचं, पांढरीवाल्याला काही टाकायचं नाही, म्हणजे तुलना करता येईल. दीड महिन्यानं गेले तर सगळीच झाडं सारखी टवटवीत दिसली आणि मी मनातून हबकले. बागवाले काका म्हणाले, पोरी, त्या पांढऱ्यावाल्यांनी काय पाप केलं होतं, तुझी पिशवी उरली होती, त्यांनाही टाकून दिलं. काकांचं काही चुकलं नव्हतं, आपल्या बागेतली निम्मी झाडं मुद्दाम आजारी ठेव असं कोणी सांगितलं तर कुठला शेतकरी ऐकेल. त्यांना समजावायला हवं होतं आणि त्या झाडांचं नुकसान भरून द्यायचं कागदावर लिहून द्यायला हवं होतं, ते मी केलं नव्हतं. तू कर.

दुसरं, ट्रायकोडर्मा आजही प्रत्येक कृषी केंद्रात किलोनं मिळते, मग तुझ्या बुरशीत नवं काय हे तुला विचारतीलच. प्लेटवर दाबते हे उत्तर पुरत नाही, प्लेटवर सगळ्यांचीच दाबते. माझ्या मते नागपूरच्या मुलीनं शोधायची गोष्ट आहे उन्हातली. मे महिन्यात ४५ अंशांत दुकानाच्या टिनाच्या शेडखाली पाकीट पडून असतं, आणि ट्रायकोडर्माच्या पावडरमध्ये एका ग्रॅममागे निदान २० लाख जिवंत बीजाणू असावेत असं मानक आहे, तर तुझ्या पाकिटात ते जूनपर्यंत किती उरतात? हे बघायला ग्रँट लागत नाही. टाल्कमध्ये मिसळलेली पाकिटं एखाद्या ओळखीच्या कृषी केंद्रात ठेव, मार्च ते जून दर पंधरा दिवसांनी एक आण, पाण्यात पातळ करून प्लेटवर टाक, उगवलेले बुरशीचे ठिपके म्हणजे कॉलनी मोज, वहीत लिही, आणि सोबत बाजारातलं एक पाकीट पण तसंच मोज. तुझी बुरशी टिकली आणि बाजारातली मेली, तर तो एक ग्राफ तुझ्या अख्ख्या प्रेझेंटेशनपेक्षा भारी.

आता मालकीचं. निसर्गात सापडलेल्या बुरशीवर आपल्या कायद्यानं पेटंट मिळत नाही, ती कोणाचीच नाही म्हण. पण ती टिकवायची पद्धत, तिचं फॉर्म्युलेशन, यावर मिळू शकतं, आणि ते काम युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये, तिच्या पैशानं झालं असेल तर युनिव्हर्सिटीचा त्यात वाटा येतो. केंद्राच्या शिक्षण खात्यानं २०१९ साली विद्यार्थी आणि प्राध्यापकांच्या स्टार्टअपसाठी धोरण काढलं त्यातही असंच आहे, संस्थेची साधनं वापरली तर मालकी दोघांची. सरांशी आत्ताच बोल, संबंध चांगले आहेत तेव्हाच बोल, आणि शोधकर्ते म्हणून कोणाची नावं, कंपनी झाल्यावर लायसन्स कोणत्या अटीवर, हे एका पानावर लिहून दोघांच्या सह्या घे. यात उद्धटपणा काही नाही. पुढे भांडणं होतात ती बहुतेक या न लिहिलेल्या पानावरूनच.

अजून एक सांगायचं राहिलं, ही बुरशी रोगाविरुद्ध विकायची तर ते कीटकनाशक कायदा १९६८ मध्ये येतं, फरीदाबादच्या केंद्रीय नोंदणी समितीकडे जावं लागतं, विषारीपणाच्या चाचण्या, टिकाऊपणाचा डेटा, सगळं लागतं. खत म्हणून विकून टाकू असं कोणी सुचवेल, ऐकू नकोस.

प्रश्न: नमस्कार ताई. मी नरखेडचा, दहा एकर संत्रा आहे. पोरगा पुण्याहून शिकून आला अन् म्हणते कंपनी काढतो, बायोटेक का काय ते. इन्क्युबेटरवाले पाच टक्के हिस्सा मागून राह्यले, वरून महिन्याचं भाडंही घेतात. हे काहून द्यायचं? फसवून तर नाही राह्यले? अन् आमच्याकडे कमी दिवसाचं लेकरू ठेवतात त्या काचेच्या पेटीले इन्क्युबेटर म्हणतात, मले तर तेवढंच माहीत होतं.

उत्तर: काकाजी, नाव त्या पेटीवरूनच आलंय असं समजा. फसवणूक वाटण्याइतका पाच टक्के हा आकडा मोठा नाही. वर ज्या २०१९ च्या धोरणाचं म्हटलं त्यात विद्यापीठ-कॉलेजांनी सोयींच्या बदल्यात २ ते साडेनऊ टक्क्यांपर्यंत हिस्सा घेता येईल असं लिहिलंय. पोराच्या कंपनीचे दहा हजार शेअर असतील तर पाचशे त्यांचे. कंपनी चालली नाही तर त्या पाचशेची किंमत शून्य, त्यांना काही मिळणार नाही, आणि तुमच्या बागेवर त्याचा काडीचा बोजा नाही, एवढं फक्त करारात तपासून घ्या.

पण त्या पाच टक्क्यांत मिळणार काय, हे विचारायचा तुमचा हक्क आहे आणि पोरगं लाजेखातर विचारत नसेल तर तुम्ही सोबत जा. शेतकऱ्याला ठिबकवाल्याशी बोलायची सवय असते तसंच बोला. ऑटोक्लेव्ह (वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र), लॅमिनार (स्वच्छ हवेचं काम करायचं टेबल), शेकर, डीप फ्रीझर आहे का, आणि आहे म्हणजे चालू आहे का. आठवड्यात किती तास मिळणार. मोठं मशीन बंद पडलं तर दुरुस्ती कोण करणार आणि किती दिवसांत. लाइट गेली तर जनरेटर लॅबला आहे की फक्त ऑफिसला. भाडं दुसऱ्या वर्षी किती वाढणार. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आत्ता तिथं ज्या दोन-तीन कंपन्या बसल्यात त्यांच्या पोरांशी चहा प्या, कारण माहितीपत्रक छापणारा वेगळा असतो आणि रोज तिथं काम करणारा वेगळा. हिस्साही घेतात आणि मशिनीचे तासाला वेगळे पैसेही लावतात अशी ठिकाणं आहेत, तिथं मात्र हिस्सा कमी करून मागा, किंवा हिस्सा नको, पूर्ण भाडंच घ्या म्हणा. देणारे देतात.

आणि एक हात जोडून विनंती, बाग गहाण टाकू नका. बायोटेकच्या कंपनीला पहिला रुपया दिसायला चार-पाच वर्षं लागणं नवल नाही, पोरगं हुशार असलं तरी लागतात. तुम्हाला द्यायचंच असेल तर बागेतल्या दोन ओळी ट्रायलसाठी द्या आणि कोणत्या झाडाला काय टाकलं, किती संत्री निघाली, याची वही तुम्ही ठेवा. तीस वर्षं संत्रा बघितलेल्या माणसाची ती वही शहरातल्या कोणत्याही फाउंडरकडे नसते.

प्रश्न: मी एका हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, बारा वर्षं झाली. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या टेस्ट रोज करतो. गावात करता येईल अशी कागदाची स्वस्त पट्टी डोक्यात आहे, घरी थोडं करूनही बघितलं. आमच्याकडे उरलेलं रक्त असतंच, त्यावर टेस्ट करून बघू का? माझ्याकडे पीएच.डी. नाही, इन्क्युबेटरवाले उभं करतील का?

उत्तर: दादा, उभं करतील, आणि नाही केलं तर दुसऱ्या ठिकाणी जा. तुम्ही रोज ट्यूबच्या मागच्या काळ्या रेघा बघता, गढूळ झालं की रेघा दिसत नाहीत म्हणजे पॉझिटिव्ह, आणि तुम्हाला हेही माहीत आहे की ती टेस्ट वाहक कोण आणि रुग्ण कोण हे सांगत नाही, दोन्हींत गढूळच होतं. नवजात बाळात तर ती फसतेच, कारण बाळाच्या रक्तात अजून गर्भातलंच हिमोग्लोबिन जास्त असतं. मग पुढे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी या टेस्ट, आणि त्यासाठी नमुना गावातून शहरात. रिपोर्ट परत गावात पोचेपर्यंत ती आई-लेकरू दुसऱ्या कामाच्या गावाला गेलेली असतात. हे तुम्ही डोळ्यांनी बघितलंय म्हणून तुमच्या पट्टीनं पहिल्या दिवसापासून एकाच प्रश्नाचं उत्तर दिलं पाहिजे, वाहक की रुग्ण. ते जमत असेल तर तुमच्याकडे खरंच काहीतरी आहे. नुसतं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह सांगणाऱ्या स्वस्त टेस्ट आधीच आहेत.

जुलै २०२३ मध्ये केंद्राचं सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवायचं लक्ष्य, म्हणजे गरज आहे का हे कोणाला पटवून द्यायची वेळ येणार नाही.

पण उरलेल्या रक्ताला हात लावू नका. मनात काही वाईट नाही हे मला कळतं, तरी नको. ते पेशंटनं दुसऱ्या कारणासाठी दिलंय, आणि एथिक्स कमिटीच्या परवानगीशिवाय काढलेला डेटा पुढे कुठेच दाखवता येत नाही, नोकरी जाईल ते वेगळंच. रस्ता असा आहे की एखादा डॉक्टर सोबत घ्या, मेडिकल कॉलेज किंवा एम्ससारख्या ठिकाणचा, त्यांच्या एथिक्स कमिटीत प्रस्ताव टाका, पेशंटची संमती घेऊन नमुने घ्या आणि प्रत्येक नमुना एचपीएलसीशी ताडून बघा. आणि पट्टी चाचणीपुरती बनवायलाही परवाना लागतो, २०१७ च्या मेडिकल डिव्हाइस नियमांत एमडी-१२ फॉर्मवर अर्ज करायचा आणि एमडी-१३ मध्ये परवानगी येते. हे कागद एकट्यानं करू नका, इन्क्युबेटर खरा कामाला येतो तो इथंच. तिथं परवान्यांचं काम जाणणारा रेग्युलेटरीचा माणूस नसेल तर तुमच्यासाठी ती जागा नाही, मशिनी कितीही चकचकीत असू द्या.

आणि हॉस्पिटलला लेखी कळवून ठेवा की हे तुम्ही ड्युटीच्या वेळेबाहेर करता.

प्रश्न: मी कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर आहे. माझ्या विद्यार्थिनींनी संत्र्याच्या सालीपासून एक एन्झाइम-प्रक्रिया बसवली, राज्य पातळीवर पोस्टरला बक्षीस मिळालं, पेपरात फोटो आला. आता पेटंट करू म्हटलं तर एकजण म्हणाले उशीर झाला. खरंच झाला का?

उत्तर: मॅडम, खरं सांगायचं तर झाला असण्याची शक्यता बरीच आहे, आणि असा प्रश्न आला की मला दरवेळी वाईट वाटतं, कारण पोरींनी मेहनत केली, आपण कौतुकानं त्यांना स्टेजवर पाठवलं आणि तिथंच पेटंटला लागणारं नावीन्य संपलं. कायद्यात १२ महिन्यांची एक सवलत आहे पण ती फार अरुंद, सरकारनं अधिसूचित केलेलं प्रदर्शन किंवा विद्वत्सभेत वाचलेला निबंध अशांपुरती, कॉलेजच्या पोस्टर स्पर्धेला ती लागेलच असं धरून चालू नका. पण आशा सोडायच्या आधी ते पोस्टर पुन्हा नीट वाचा. त्यात तापमान, पीएच, एन्झाइमचं प्रमाण सगळं लिहिलं होतं, की नुसते परिणामांचे ग्राफ होते? जे पोस्टरवर नव्हतं आणि पोस्टरवरून कोणाला सहज सुचणारही नाही, त्यावर अजून काही होऊ शकतं. पोस्टरनंतर केलेली सुधारणा असेल तर तीही.

पुढच्या वेळी आधी प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता पेटंट अर्ज टाका. व्यक्ती किंवा स्टार्टअप म्हणून ऑनलाइन फी १६०० रुपये आहे, शैक्षणिक संस्थांनाही २०२१ पासून फीमध्ये ८० टक्के सूट आहे, आणि मग पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात. तेवढ्यात खुशाल पोस्टर लावा. आणि बौद्धिक संपदेचं शिक्षण देणारी केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था आपल्या नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये आहे, पेटंटची माहिती देणारी पेटंट इन्फर्मेशन सिस्टिमही नागपुरातच, मुलींना एक दिवस तिकडे घेऊन जा ना. पुण्या-मुंबईच्या मुलांना हेवा वाटावा अशी सोय आपल्या गावात आहे आणि आपल्या किती कॉलेजांना ती माहीत आहे हा मला खरंच पडलेला प्रश्न आहे.

सूक्ष्मजीव वापरला असेल तर अजून दोन कामं असतात, तो चंदीगड किंवा पुण्याच्या मान्यताप्राप्त संग्रहात जमा करणं, आणि राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी. प्राधिकरण चेन्नईला आहे पण राज्याचं जैवविविधता मंडळ नागपुरातच, शंका असेल तर जाऊन विचारता येतं.

प्रश्न: ताई मी बी.कॉम., सायन्सचा गंधही नाही. मित्रमैत्रिणी बायोटेक कंपनी काढून राह्यले आणि मला पार्टनर हो म्हणतात. मी काय करणार तिथं?

उत्तर: तेच, जे तुझ्या मित्रमैत्रिणींपैकी कोणालाच येत नाही. ग्रँटचा पैसा एकदम येत नाही, टप्प्याटप्प्यानं येतो, आधीचा टप्पा दाखवला की पुढचा. त्याचं बँक खातं वेगळं, प्रत्येक बिल मंजूर झालेल्या खर्चाच्या शीर्षाखालीच गेलं पाहिजे, केमिकलचे पैसे प्रवासावर टाकले की अडकलं. पैसा ठरल्याप्रमाणे खर्च झाला असं सांगणारं, सीएची सही असलेलं युटिलायझेशन सर्टिफिकेट गेलं नाही म्हणून हप्ता चार महिने थांबलेला मी बघितलाय, आणि त्या चार महिन्यांत मदतनीस पोरगी नोकरी सोडून गेली, तिच्यासोबत तिच्या हाताचं कसबही गेलं. तू असतास तर गेली नसती. हो पार्टनर, पण शेअर किती ते आधी लिहून घे, आणि महिन्यातून दोन दिवस लॅबमध्ये जाऊन बस, नाहीतर कुठलं बिल कशाचं हे तुला कधीच कळणार नाही.

प्रश्न: इन्क्युबेटरच्या लॅबमध्ये आपले कल्चर, म्हणजे वाढवलेले सूक्ष्मजीव, ठेवणं सेफ असतं का? कोणी चोरलं तर?

उत्तर: चोरीची भीती सगळेच विचारतात. माझ्या आठ वर्षांत चोरी एकदाही नाही झाली, पण फ्रीझर एकदा बंद पडला आणि त्यानं चोरांपेक्षा जास्त नेलं.

मे महिना होता, शनिवार-रविवार जोडून सुट्टी. शुक्रवारी रात्री लाइट गेली, जनरेटर सुरू झाला, पण उणे ८० अंशांचा फ्रीझर ज्या सॉकेटवर होता तो जनरेटरच्या लाइनवर नव्हताच. कोणीतरी महिनाभरापूर्वी फ्रीझर दोन फूट सरकवला होता आणि जवळचा प्लग वापरला होता, एवढंच झालं होतं. लाइट परत आली तेव्हा तो ट्रिप होऊन बसला. सोमवारी सकाळी मी दार उघडलं तर आतून गरम हवा आली. रॅकमधून पाणी टपकत होतं, पुठ्ठ्याचे डबे मऊ पडले होते, हात लावला तर तळ निघून व्हायल्स म्हणजे छोट्या बाटल्या फरशीवर सांडल्या. बसून एकेक उचलली, आणि उचलताना लक्षात आलं की झाकणांवरची मार्करची अक्षरं पाण्यात वाहून गेलीत, निळे डाग फक्त. चार वर्षांचे दोनशेच्या वर आयसोलेट्स, म्हणजे मातीतून वेगळे केलेले सूक्ष्मजीव. त्यातले किती जिवंत होते ते नंतर प्लेटवर टाकून कळलं असतं, पण कोणता कोण हेच सांगता येत नव्हतं. रागावून काय करणार, फ्रीझर सरकवणाऱ्यानं झाडू मारायला सरकवला होता. माझी जोडीदारीण तिथंच फरशीवर बसून रडली, आणि मी तिला काही बोलू शकले नाही.

आमची कंपनी त्यानंतरही चालली, कारण मुख्य तीन स्ट्रेन (सूक्ष्मजीवांचे वाण) पेटंटच्या निमित्तानं पुण्याच्या संग्रहात जमा केलेल्या होत्या. त्या कागदाचा मला तेव्हा कंटाळा आला होता. बाकीच्यांसाठी पुन्हा बांधावर जाऊन माती आणली, त्यातल्या काही परत मिळाल्या, बऱ्याच नाही.

तर सेफ कसं करायचं विचारशील तर, प्रत्येक स्ट्रेनच्या तीन व्हायल्स, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत नाही तर दुसऱ्या गावात. माझा एक डबा आता अमरावतीच्या मैत्रिणीच्या कॉलेजात असतो आणि तिचा माझ्याकडे. ज्या बुरश्या बीजाणू धरतात त्या वाळूत नाहीतर सिलिका जेलमध्येही ठेवता येतात, त्यांना फ्रीझर लागतच नाही. फ्रीझर कोणत्या लाइनवर आहे ते स्वतः मेन स्विच पाडून बघ, सांगितलेल्यावर विश्वास ठेवू नकोस, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा बघ. तापमान चढलं की मोबाइलवर मेसेज पाठवणारा अलार्म लावून घे, आणि त्यात नंबर दोघांचे टाक, एकाचा नको. यादी वहीत आणि कॉम्प्युटरवर, दोन्हीकडे. पुठ्ठ्याऐवजी प्लास्टिकचे डबे. आणि व्हायलवर आधी गोठण्यात टिकणारं लेबल चिकटव, त्यावर नंबर पेन्सिलनं लिही.